आखावरचा श्री

मौजे पाली,
वैशाख शुद्ध पंचमी, फसली १३३०

प्रिय धुळाजी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझ्या दारात मांडव पडलेला असेल आणि तुला बसून वाचायला सवड नसेल. तरी बस. उद्या तुझ्या लेकीला, ताराला, नवरी म्हणून घेऊन तुम्ही मांजरसुंब्याचा घाट उतरणार, बीडला जाणार. त्या वऱ्हाडात तुझी गाडी, जिच्या दोन चाकांमधला लोखंडी आख मी घडवला, ती जुंपू नकोस. कारण सांगतो, पण मला ते एकदम सांगता येत नाही. थोडं मागे जावं लागेल.

होळीनंतर आठ दिवसांनी आमच्या गावच्या सटवाची गाडी बिंदुसरा नदीच्या वाळूपाशी मोडली. त्याचा आखही माझ्याच हातचा. सपाट वाट, बैल सावकाश चाललेले, गाडीत लोकरीची चार गाठोडी. तरी आख चाकाच्या आतल्या बाजूला, खांद्यापाशी, काडीसारखा तुटला आणि सटवाचा पाय चाकाखाली गेला. अजून तो खाटेवर आहे. मी भेटायला गेलो तर तोच माझी समजूत काढू लागला, "जाऊ दे बद्रीदादा, तू काय लोखंडाच्या पोटात शिरून बघितलं व्हतंस व्हय?" जमलेली माणसं म्हणाली, लोखंडच खोटं निघालं. मीही मान हलवली.

पण सटवाचं ते बोलणं मनातून जाईना. तुटका तुकडा फडक्यात बांधून मी बीडला महमूदमियाँ घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं. धुळाजी, तीस वर्षं लोखंड ठोकतोय, पण ते असं कधी पाहिलं नव्हतं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग खरखरीत, चकचकीत, खडीसाखर फोडावी तशा दाण्यांचा. तो त्या दिवशी तुटलेला. उरलेला भाग मात्र काळपट आणि गुळगुळीत होता, जणू कुणी घासून ठेवलाय. त्यावर एकात एक बारीक गोल कडी होती, कापलेल्या लाकडात दिसतात तशी. महमूदमियाँ म्हणाले, "मिस्त्री, ये उस दिन नहीं टूटा. टूटतेच था, तुमको दिखा नहीं." म्हणजे जवळजवळ वर्षभर गाडी चालत होती, सटवा वर बसून गाणी म्हणत होता आणि खाली प्रत्येक धक्क्याला एक फट उघडत होती, मिटत होती, रोज केसभर पुढे सरकत होती.

पंतोजींच्या शाळेतली घंटेची तार आठवते? आपण दोघांनी ती वाकवून वाकवून तोडली होती. थोडी वाकवली तर ती सरळ व्हायची, काहीच झालं नाही असं दाखवायची. शेवटी तुटली तेव्हा तू तुटलं टोक माझ्या गालाला लावलंस आणि म्हणालास, "तारेला ताप आलाय बे!" आपण हसलो, पंतोजींनी दोघांना बडवलं. तो ताप कशाचा हे मला आता, पन्नाशीला टेकल्यावर कळतंय. बाहेरून तार सरळ झाली तरी आतले दाणे एकमेकांवरून घसरलेले असतात. ते पुन्हा आपल्या जागी बसत नाहीत. ताण एका जागी साचत जातो आणि तिथलं लोखंड आधी सुटतं.

ती एक जागा कुठली, हे शोधायला मी भिंग चार दिवसांसाठी मागून आणलं. घरची चिडली. म्हणाली, "देवाकडं कधी एवढं टक लावून बघितलं न्हाई, अन् तुटक्या लोखंडाकडं बघायलाव!" चौथ्या दिवशी जागा सापडली. सगळी कडी एका टोकापासून निघाली होती. ते टोक श्रीच्या शेवटच्या रेघेचं होतं. तुला ठाऊक आहे, मी प्रत्येक आखाच्या खांद्यावर छिन्नीनं श्री कोरतो. बसणाऱ्याला देवानं सांभाळावं म्हणून. छिन्नीचं टोक जिथं थांबलं, तिथूनच फट सुरू झाली.

त्याच लांब लोखंडी कांबेचे मी दोन आख केले होते. एक सटवाचा, एक तुझा. आणि तू माझा दोस्त म्हणून तुझ्यावरचा श्री मी जास्त खोल कोरला. तुला तो दाखवला तेव्हा तू बोट फिरवून म्हणाला होतास, लई झ्याक. घाट उतरताना जड गाडी बैलांना खाली ढकलत असते आणि तिथं आख मोडला तर एका बाजूला दरीच असते. रॉकेल लावून आख पुसून काढ, वर चुन्याची फक्की लाव, फट असेल तर तिथं ओली रेघ उमटेल. पण नाही उमटली तरी भरवसा ठेवू नकोस. भिंगातून दिसतं ते चुन्याला दिसत नाही.

इकडच्या पाच जणांचे आख मी काढून घेतले. त्यांनाही सांगितलं, लोखंड खोटं निघालं. श्रीचं कुणाला बोललो नाही. घरीही नाही. लोहारानं देवाचं नाव कोरलं आणि त्यातूनच सटवाचा पाय गेला, हे ऐकल्यावर माझ्या दारात कोण येईल, या भीतीनं. तुझ्याकडे यायला दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा घाटाच्या पायथ्यावरून परत फिरलो. आज पुतण्या सुग्रीवला धाडतोय. त्याच्याकडे तोंडी निरोप देता आला असता, पण खोट्या लोखंडाचा निरोप ऐकून तुझे थोरले भाऊ सुंदरराव हसतील, म्हणतील, "लोहाराला घाम फुटलाय, चला जुंपा," आणि तूही त्यांच्यापुढे गप्प बसशील. म्हणून खरं ते सगळं लिहिलं. ते ऐकणार नसतील तर हे पत्र मांडवात, सगळ्यांदेखत, मोठ्यानं वाच. माझं नाव घेऊन वाच. देवाला दोष देऊ नका, छिन्नी माझ्या हातात होती. मुहूर्त टळला तरी चालेल, ताराला घाट पायी उतरावा लागला तरी चालेल. तिला त्या गाडीत बसवू नकोस.

तुझाच,
बद्रीनाथ