टँकरने भरलेला खड्डा

नोएडा, ९ जून २००८

प्रिय हेमलता,

माझा गुडघा बरा आहे, सूनबाई पोळ्याही मऊ करते. उत्तराचं बाळंतपण होईपर्यंत तू तिकडेच निवांत राहा. बाळ पोटात लाथा मारतं का गं?

काल सुधन्वाची वीज-पाणी वाचवणारी नवी कचेरी पाहिली. पावसाचं पाणी जिरवायला खड्डा खणलाय, पण गच्चीचा पाइप त्याला जोडलेलाच नाही. प्रमाणपत्र देणारे साहेब येणार म्हणून मालकानं त्यात तीन टँकर ओतले! शाळेतल्या कवितांनी आपल्याला झरे दाखवले. या दीडशहाण्याचा झरा रबरी नळीतून येतो. वर टाय लावून मिरवत होता.

साहेबांनी पाण्याचं विचारलं, तर मालक म्हणतो, "इंजिनियर साहब से पूछिए, इन्हीं का डिज़ाइन है."

आपला सुधन्वा शांतपणे म्हणाला, "सर, ये टैंकर का पानी है."

मालक फिस्कटला, "यार, तू किसका आदमी है?"

असल्यांची चाकरी काय करायची!

आज सकाळपासून सुधन्वा घरीच आहे. "आईला इतक्यात कळवू नका," म्हणाला. तरी कळवतोय. त्याला फोन कर, मात्र नोकरीचं विचारू नकोस. नुसतं, जेवलास का, एवढंच विचार.

तुझी वाट पाहणारा,
उल्हास