वर्तुळातले तीन जास्तीचे ठिपके

१ मार्च, सकाळी ७
काल रेल्वेतून रिटायर झालो. गार्डन रीचचं क्वार्टर अजून चार महिने आपलंच. आजपासून काहीतरी मोठं करायचं. आंघोळीनंतर.

३ मार्च
नूपुरला विचारलं, एम.एस्सी.ला काय शिकवतात. समान अंतरावर ठिपके मांडायचे, एका ठिपक्याभोवती वर्तुळ काढायचं, आत ठिपके किती? क्षेत्रफळाच्या आसपास येतात म्हणे, पण फरक किती पडू शकतो ते अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही. म्हटलं, मी सांगतो. हसली. दहावीपर्यंत ही पोरगी प्रत्येक गणित घेऊन माझ्याकडे यायची. बाबा, तुझं बरोबर आहे, असं पुन्हा एकदा तरी म्हणावं तिनं. बाकी काही नको.

४ मार्च
विचार. मग झोप.

६ मार्च, दुपारी
सुटलं! पाय आर स्क्वेअर काढा, राउंड ऑफ करा. संपलं. त्रिज्या दोन, ठिपके १३. त्रिज्या सहा, ठिपके ११३. तंतोतंत! तीन, चार, पाच मोजले नाहीत, कंबर धरली. शितावरून भाताची परीक्षा.

८ मार्च
नूपुर फोनवर मैत्रिणीशी बंगालीत बोलत होती. 'बाबा' आणि 'पागोल' एवढं कळलं. इथे कौतुकानं म्हणतात तसं.

९ मार्च
त्रिज्या दहा. बायकोचा, म्हणजे कुसुमचा, रांगोळीचा कागद कपाटातून काढला. एकवीस ठिपके, एकवीस ओळी, तिनंच उदबत्तीनं भोकं पाडलेला. मधल्या भोकाभोवती वर्तुळ काढून आतली मोजली. हवेत ३१४. आले ३१७. चहा घेतला. पुन्हा ३१७. उकाडा फार आहे.

१० मार्च
चूक सापडली. कागदाची. बायकोचा हात हलला असणार, तीन भोकं जास्त पडली. वर्तुळाच्या कडेच्या तिन्हींवर सेलोटेप लावली. आता बरोबर ३१४. कुसुमला सांगायचं राहिलं. उद्या.

१९ मार्च, पाडवा
इथल्या मराठी मंडळात रांगोळी स्पर्धा. कुसुमचा चार वर्षं पहिला नंबर. कागदावरून रांगोळी फिरवली, कागद उचलला, अर्धं कमळ जोडून झाल्यावर ओरडली, माझे ठिपके कुठे गेले? पुसून पुन्हा मांडेपर्यंत वेळ संपली. उत्तेजनार्थ बक्षीस. हावड्याच्या सुचित्राताईंनी कागद उजेडात धरला आणि टेप कोणी लावली म्हणून सगळ्यांना विचारलं. मी श्रीखंडाच्या रांगेत होतो, ऐकू आलं नाही असं दाखवलं. नूपुर म्हणाली, मी लावली.
कुसुम बोलत नाहीये. दोघांशीही, माझ्याशी आणि नूपुरशी.

२० मार्च
नूपुरनं लॅपटॉपवर मोजून दाखवले. ३१७. कागद बरोबरच होता. त्रिज्या तीनलाही सूत्र २८ सांगतं, ठिपके २९ येतात. मी म्हटलं, कॉम्प्युटरही माणसानंच बनवलाय. ती आता भांडणार म्हणून सरसावून बसलो. तिनं लॅपटॉप मिटला. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली की बाबा, तुझंच बरोबर आहे, चल, जेवून घे.

आई शेवटच्या वर्षी भिंतीवर मुंग्या दाखवायची. मुंग्या नसायच्या. मीही तिला असंच म्हणायचो, अगदी याच आवाजात.

जेवून घेतलं.