औषधाच्या कॅनात उगवलेला दोडका

माय, दोडक्याचं बी रात्रभर ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, हे तू मला शिकवलंस आणि मी आता ते शाळेतल्या लेकरांना शिकवते. झरीच्या पुढं एका गावात मी चौथीच्या वर्गावर आहे. यंदा शाळा उघडल्यावर पोरांना म्हणाले, घरातलं टाकाऊ काहीतरी आणा, आपण त्यात बी लावू. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता बाजार भरला. दुधाच्या पिशव्या, करवंट्या, श्रीखंडाचे डबे, तेलाचे कापलेले पुडे. एकानं तर बापाचं फुटकं हेल्मेट आणलं, आणि माती सगळ्यात चांगली त्यातच बसली. काळी माती चिकट, म्हणून तू घालायचीस तशी मी तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळत होते. हात बरबटलेले होते, लेकरं खिदळत होती, आणि तुझी आठवण येऊनही त्या दिवशी मला बरं वाटत होतं.

मग एक पोरगी पुढं आली. गरीब स्वभावाची, विचारल्याशिवाय बोलत नाही अशी. तिच्या हातात पांढरा प्लास्टिकचा कॅन होता, विळ्यानं तोंड कापलेला. कागद खरवडून काढला होता, पण वास गेला नव्हता. तो वास मला कुठंही कळतो. मी तो कॅन तिच्या हातातून ओढला आणि सगळ्या वर्गासमोर ओरडले, "हे कुणी दिलं तुला? विष आहे हे!" ती घाबरली नाही. जरा नवलानं माझ्याकडं पाहत म्हणाली, "मॅडम, इष न्हाई, औषध हाय. आमच्याकडं लय हायेत. शेतात पाणी त्यातच नेतो." पोरं हसली. मी तिला हात धुवायला पाठवलं, कॅन घरी परत द्यायला लावला, आणि तिचं बी तिच्या मुठीत तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

औषध. आपल्याकडं फवारायच्या विषालाही हाच शब्द आणि दवाखान्यातल्या बाटलीलाही हाच. तुला वाचता येत नव्हतं. बाबांनी फवारणी करून रिकामा केलेला तो पत्र्याचा डबा तू राखेनं घासलास, उन्हात पालथा घातलास आणि पुढं कितीतरी वर्षं त्यात मीठ-हळद लावलेल्या वाळकाच्या फोडी ठेवल्यास. झाकण इतकं घट्ट बसायचं की मुंगी आत जात नव्हती, याचं तुला केवढं कौतुक. शेजारणीला दाखवायचीस. "औषधाचाच तर डबा हाय, वाया कामून घालवू?" मी सातवीत असताना एकदा त्यावरचं कवटीचं चित्र तुला दाखवलं, तर तू हसून म्हणालीस, "चित्र पुसलं की झालं." मग तुझ्या पोटात दुखायला लागलं. डोळे पिवळे झाले. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर बाबांना विचारतायत, घरी काय खाता, आणि बाबा हात जोडून म्हणतायत, आमी काय खाणार साहेब, भाकरच. मी दाराशी उभी आहे. डॉक्टर लिव्हर म्हणाले, एवढंच कळलं. कशानं, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

पोरगी येईना म्हणून मी तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, पुढं गोठा. तिचा बाप उंबऱ्यातच उभा राहिला. "पोरांनी तिचं नाव इषारी ठेवलंय, मॅडम. नळावर, दुकानावर, जाईल तिथं. आमी लेकरांना इष पाजतो म्हणून गावभर झालं. तुमाला शिकवायला ठेवलंय का आमची अब्रू काढायला? पिंगळीला तिचा मामा हाय, तिकडं घालतो तिला." मी म्हणाले, चुकलं माझं, वर्गासमोर बोलायला नको होतं. पण तो कॅन घरात वापरू नका. तेव्हा तो गोठ्यामागं गेला आणि तोच कॅन घेऊन आला. पोरीनं माझंच बी त्यात लावलं होतं. दोडका असा तरारून वर आला होता, जाड देठ, दोन पानं तळहातासारखी उघडलेली. शाळेतल्या एकाही डब्यात इतकं चांगलं रोप आलं नव्हतं. "बगा," तो म्हणाला, "मेलं का? इष असतं तर उगवलं असतं का?"

माय, रोपाचं वेगळं, माणसाचं वेगळं, असं काहीतरी मी पुस्तकी बोलले. दाराआडून पोरगी बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की बापाचं बरोबर आहे असं तिला वाटतंय, आणि त्यानं तिला हायसंही वाटतंय. मग मी जे आजवर कुणाला बोलले नव्हते ते त्या परक्या माणसाला सांगितलं. "माझी आई असल्याच डब्यात खायचं ठेवायची. ती लिव्हरनं गेली. त्या डब्यामुळंच गेली का, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही. पण तुमच्या लेकीनं माझ्यासारखं आयुष्यभर विचार करत बसू नये, एवढंच म्हणते." कॅन त्यानं अलगद भिंतीला टेकवला, रोपाला धक्का लागू न देता.

आतून त्याची बायको आली. पदरानं हात पुसत तिनं घरातला औषधाचा एकेक कॅन, डबा बाहेर आणून ओट्यावर मांडला. रॉकेलचा कॅन, तुरीची डाळ ठेवलेला बुटका डबा, गोणपाट शिवलेला शेतातल्या पाण्याचा कॅन. मला म्हणाली, "हे समदं टाकायचं ना? टाकते. नवं घेऊ काहीतरी. पण मॅडम, आतापतूर जे पोटात गेलं, त्याचं काय?" विचारताना तिचा हात पोरीच्या डोक्यावर होता. मी म्हणाले, दवाखान्यात एकदा तपासून घेऊ, मी येते सोबत. तिला ते पुरलं नाही. मलाही पुरलं नाही.

आम्ही गेलो. पोरीचं रक्त तपासलं, आत्ता तरी काही नाही म्हणाले. आईनं स्वतःचं तपासू दिलं नाही. "मला काय होतंय," म्हणाली, आणि तिचा तो तुझ्यासारखाच आवाज ऐकून मी तिथल्या बाकावर जरा बसून घेतलं. पोरगी आता शाळेत येते. वर्गाला मी सांगितलं की त्या दिवशी माझंच वागणं चुकलं. तरी मधल्या सुट्टीत तो शब्द अजून कधीतरी कानावर येतो, आणि ती तो न ऐकल्यासारखं करते. दोडका तिच्या बापानं कॅनासकट कुंपणाशी ठेवलाय. त्याला फळ धरलं तर काय करायचं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

हे मी कुठं पाठवणार? तू असतीस तरी कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि त्या दुसऱ्या माणसानं हे वाचावं असं मला वाटत नाही. म्हणून एकच सांगते आणि हा कागद घडी घालून ठेवून देते. त्यांच्या घरी गेले त्या दिवशी, एवढं सगळं बोलून झाल्यावर मी निघाले, तर पोरीच्या म्हाताऱ्या आजीनं हाताला धरून बसवलं. "मास्तरीण बाई, उन्हाच्या आल्या, तशा जाऊ नका." तिनं आतून तांब्याभर पाणी आणलं. कशातून ओतून आणलं, ते मला दिसलं नाही. विचारावं असं ओठांवर आलं होतं. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. मी प्यायले, माय, सगळं.