निळ्या कापडावरचं लुगडं

माय, आज गच्चीवर तुझं इरकली लुगडं उन्हात घातलं होतं. कसर लागू नये म्हणून नाही, त्याचा फोटो काढत होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लुगड्याचा कुणी फोटो काढतं व्हय रं? येड लागलं का तुला?" येडच लागलंय म्हण. चितेगावच्या कंपनीत चौतीस वर्षं पाळ्या केल्या, यंत्रातून निघालेला एकेक भाग हातात घेऊन चांगला-वाईट निवडत बसलो, आणि रिटायर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात घरातल्या माणसांनाही तसंच निवडायला लागलो. भाजीत मीठ कमी, पंखा आवाज करतो, पेपरवाला उशिरा येतो. तुझ्या सुनेनं शेवटी कोपरापासून हात जोडले. "काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर मी माहेरी जाते," म्हणाली. तिच्या भावानं दोन गल्ल्या सोडूनच घर बांधलंय, त्यामुळं धमकी खरी होती.

मग मी हे सुरू केलं. कापडावर उन्हानं फोटो काढायचा प्रकार आहे. दोन पुड्या पाण्यात कालवायच्या, ते पिवळट पाणी अंधाऱ्या खोलीत सुती कापडाला लावून वाळवायचं, आणि मग त्यावर काहीतरी ठेवून कापड उन्हात न्यायचं. जिथं ऊन लागतं तिथं कापड निळं होतं, जिथं सावली असते तिथं धुतल्यावर पांढरं राहतं. कॅमेरा लागत नाही. आपल्याकडं दुसरं काही असो नसो, ऊन लई. आधी मेथीची काडी ठेवली, मग चष्मा, मग किसणी. किसणीचा छाप असा देखणा आला की तुझ्या सुनेला वाटलं, मी बाजारातून छापील कापड आणलं. मग तिलाच म्हटलं, ह्या चादरीवर झोप, तुझी सावली काढू. "ह्या वयात उन्हात झोपवता का मला?" असं म्हणत झोपली बिचारी. अर्ध्यातच कुकरची शिट्टी झाली, ती गॅस बंद करून आली आणि जरा सरकून झोपली. आता त्या चादरीवर एक बाई आहे आणि तिला चार पाय आहेत. आम्ही दोघं ते बघून इतके हसलो की शेजारीण तिच्या गच्चीवरून डोकावली.

असे निळे तुकडे साठत गेले, तेव्हा ह्यांचं करायचं काय हा प्रश्न पडला. हात आपोआप सुईकडं गेला. शहागंजातल्या एका शिंप्याकडून चिंध्यांची पिशवी आणतो मी. पहिल्या दिवशी त्यानं कशाला म्हणून विचारलं, मी सांगितलं. तो मशीन थांबवून म्हणाला, "क्या चचा, रिटायर हुए सो गोदड़ी सीने बैठे क्या?" म्हटलं, हो बाबा, आमच्या आईची कला आहे. आता तो चांगले चांगले तुकडे माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. खरं सांगायचं तर गोधडी मला कुणी शिकवलीच नव्हती. तुझे डोळे कमी झाले तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायला मी बसायचो, आणि बसल्या बसल्या एखादी ओळ घालायचो. मोठा टाका घातला की तू हातावर चापट मारायचीस. "झोपल्याल्या माणसाच्या पायाचं बोट अडकंल त्याच्यात. टाका असा घाल की अंगाला कळू नये." आणि शेवटचा कोपरा शिवायच्या आधी भाकरीचा वाळका तुकडा आत सरकवायचीस. उपाशी गोधडी ऊब देत नाय, म्हणायचीस. मी टाके अजून बारीकच घालतो.

पण मी मुद्द्यावर येत नाहीये. कंपनीतही साहेब मला हेच म्हणायचे. मुद्दा तुझ्या फोटोचा आहे.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आयटीआयला आहे, शहरात खोली करून राहतोय. खोलीतल्या जोडीदारानं त्याच्या मामाचा कॅमेरा आणलाय, आणि आम्ही दोघं त्या कॅमेऱ्यापायी पागल झालोय. भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा कागद धरायचा, एकदा बटण दाबायचं, मग रोल पुढं न सरकवता कागद दुसऱ्या बाजूला धरून परत दाबायचं. फोटोत जोडीदार स्वतःच स्वतःला चहा देतो. असल्या खेळात बाराच्या बारा फोटो संपले. रोल काढून धुवायला दिला, आणि पोळ्याला मी गंगापूरची गाडी पकडून गावी आलो, रिकामा कॅमेरा गळ्यात अडकवून. नुसता मिरवायला. वेशीपासून घरापर्यंत तीन जणांनी विचारलं, आणि तिघांनाही मी ऐटीत सांगितलं की हा आपलाच समज.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. तू आत गेलीस. मला वाटलं चहा ठेवायला गेलीस, तर पेटी उघडल्याचा आवाज. तू हेच लुगडं नेसून बाहेर आलीस, तोंड धुतलेलं, केस चापून बसवलेले, आणि खांद्यावर नवी गोधडी. ती गोधडी तू खाटेच्या माच्यावर पसरलीस, सुरकुती काढलीस आणि तिच्या शेजारी उभी राहिलीस. "हिच्यासंगट काढ. म्या शिवलीय, लोकान्ला दिसू दे." दारात गल्लीतल्या चार बाया उभ्या. रोल नाही असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही, माय. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. खट्ट वाजलं. "झाला?" "झाला." तू दोन पावलं पुढं आलीस आणि परत मागं गेलीस. "आजून एक काढ रं. ह्याच्यात डोळं मिटलं असतील माजं." मी परत दाबलं.

पुढच्या खेपेला रोल घालून खरा फोटो काढू, असं मनाशी ठरवलं होतं. पण मामानं कॅमेरा परत नेला. आणि दर खेपेला मी एसटीतून उतरून घरी आलो की पाण्याचा तांब्या देताना तू विचारायचीस, "आला का?" धुवायला टाकलाय. दुकान बंद होतं. गर्दी आहे तिथं. दिवाळीला माझ्याकडचं सगळं संपलं आणि मी सांगून टाकलं, "रोल खराब निघाला, माय. सगळा काळा." तू चुलीपुढं होतीस. भाकरी थापायची थांबली नाहीस. थोड्या वेळानं हसून म्हणालीस, "माज्याच तोंडाचा काळा उतरला असंल." मला वाटलं, चला, चेष्टेवारी गेलं. सुटलो.

ते चेष्टेवारी गेलं नव्हतं, हे मला माझ्या लग्नात कळलं. फोटोवाल्यानं सगळ्यांना मांडवात ओळीनं उभं केलं आणि तुला हाक मारली. तू खांबाला धरून राहिलीस. "नका बाबा. म्या आले की रोल नासतो. लेकाच्या लग्नाचा नासाया नको." सगळा मांडव हसला. मीही हसलो. मुंडावळ्या बांधून, सगळं ठाऊक असून हसलो. तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. पुढं ओळखपत्राचे फोटो काढायला सरकारी माणसं गावात आली, तेव्हा तू मुद्दाम शेतात जाऊन बसलीस. आणि त्यानंतर दोन वर्षांत तू गेलीसच. तुझे मालक, आमचे दादा, त्यांचा फेटा बांधलेला एक फोटो आहे. तुझा कुठं म्हणजे कुठंच नाही.

आता हे सगळं आजच का उकरतोय, ते सांगतो. तुझी नात, तू गेलीस तेव्हा जी पाच वर्षांची होती आणि तुझ्या गोधडीत शिरून झोपायची, तिला सातवा महिना लागलाय. तिनं माझ्याकडं बाळासाठी गोधडी मागितलीय. नऊ चौकोन, प्रत्येकात घरातलं एक माणूस, निळ्या छापात. जुन्या फोटोंच्या काचेसारख्या पारदर्शक प्रती काढून आणल्या आणि आठ चौकोन छापून झालेत, दादांचा फेटा तर फार छान आलाय. मधला चौकोन तिनं तुझ्यासाठी सांगितलाय. गेल्या रविवारी फोनवर विचारलं, "बाबा, आजीचा एकही फोटो कसा नाही?" आणि मी पटकन म्हणालो, "तिला आवडतच नव्हतं गं फोटो काढलेलं." फोन ठेवला आणि माझी मलाच शिसारी आली. म्हातारा झालो तरी तुझ्याच माथी मारतोय.

म्हणून आज लुगडं काढलं. चेहरा नाही तर नाही, म्हटलं, त्या दिवशीचं लुगडं तर आहे. औषध लावलेल्या कापडावर पदर पसरला आणि उन्हात ठेवून तिथंच पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. बसलो तो बसलोच. तो पोळ्याचा दिवस डोळ्यांपुढं आला आणि वेळेचं भान राहिलं नाही, वर वाऱ्यानं पदर हलला तोही बघितला नाही. कापड बादलीत घातलं तर त्यावर काही नव्हतं. सगळं काळंनिळं. चाळीस वर्षांपूर्वी थाप मारली होती ना, रोल सगळा काळा निघाला म्हणून? ती आज खरी झाली. मी त्या बादलीपाशी बसून रडलो, माय. मोठ्यानं रडलो.

तुझी सून वर आली. काय झालं, काय झालं म्हणून घाबरली. मी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, रिकामा कॅमेरा, दोनदा दाबलेलं बटण, दिवाळी, सगळं. मला वाटलं हसेल, किंवा म्हणेल एवढंच ना. तिनं बादलीतलं कापड उचलून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना खरंच रोल नासायची भीती होती?" म्हटलं, हो. तर म्हणाली, "मला वाटायचं, मी पसंत नव्हते त्यांना. लग्नात माझ्या शेजारी उभं राहायचं नाही म्हणून काहीतरी निमित्त केलं. इतकी वर्षं मी तेच धरून होते."

तुम्ही दोघींनी आठ वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केलात सणावारी. तू तिला पहिल्या बाळंतपणात स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलंस. आणि ती मनात हे घेऊन तुझ्यापुढं बसत होती. माझ्या एका खट्टनं दोन बायका आयुष्यभर स्वतःला नकोशा समजत राहिल्या. तिनंच डोळे पुसले आणि म्हणाली, "उठा. ऊन आहे तोवर परत करू. ह्या खेपेला काच ठेवा वरून."

शोकेसची काच काढली, दोघांनी मिळून पदर नीट पसरला. तिनं सुरकुत्या काढल्या, अगदी तू काढायचीस तशा. घड्याळ लावून बसलो. ह्या खेपेला आला. काठ आलाय, विरलेली वीण आलीय, आणि पदराच्या कोपऱ्यात तू रफू केलं होतंस ना, तिथले तुझे टाके एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट पांढरे आलेत. बारीक आहेत. कुणाचं बोट अडकणार नाही.

मधला चौकोन आता जोडलाय. तीन कोपरे शिवून झालेत, चौथा उघडा ठेवलाय, भाकरीचा तुकडा ताटलीत वाळत ठेवलाय. पुढच्या आठवड्यात लेक डोहाळजेवणाला येतीय. तिला सगळं सांगायचं आणि मगच कोपरा बंद करायचा, असं तुझ्या सुनेनं बजावलंय. सांगेन. तिच्यापुढं जीभ अडली तर हा कागद तिच्या हातात देईन. तुला तर तो धाडायची सोय नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं, म्हणून तर एवढं लिहायचं धाडस झालं.

आणि एक राहिलं, माय. तू फोटो परत काढायला लावलास, डोळं मिटलं असतील म्हणालीस. मिटले नव्हते. पहिल्याच वेळी उघडे होते, आणि तू हसत होतीस. मी बघितलं होतं.