स्वस्तातली बटणं

दि. ३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, काहीतरी मागायचंच आहे. वरच्या खोलीतली माझी छोटी खेळातली रेल्वे आता टेबलभर पसरली. पण पलीकडच्या कडेचे सांधे बदलायला हात पोचत नाही, आणि अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात जड झालाय. मे महिन्यात थोरला नातवाला घेऊन येतोय. त्यांच्यासमोर धापा टाकत टेबलावर आडवं पडायचं नाही मला. जागेवर बसून गाडी या रुळावरून त्या रुळावर नेता आली पाहिजे. तुझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, तर स्वस्तात काय बसेल ते कळव. सल्ला हवाय, दुकानदारी नको.

वजन वाढलंय तुझं, असं शेजारीण म्हणत होती.

लोभ आहे; वाढेल असं काहीतरी कर.
बाबा

दि. १० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शेजारणीला माझा नमस्कार सांगा.

जवळच्या सांध्यांना टेबलाखालून तार आणि बाहेर ओढायची मूठ लावू. सगळ्यात स्वस्त, आणि त्यात जळायला काही नाहीच. लांबच्यांना हळू चालणारी छोटी मोटर. खटका टाकून विसरलात तरी चालतं. जुन्या खेळण्यांतल्या मोटरी आहेत माझ्याकडे, त्या मीच देते. बटण दाबलं की सांधा झटक्यात ओढणाऱ्या कॉइलही मिळतात, पण ते बटण टिचकी मारल्यासारखं दाबून लगेच सोडावं लागतं. दाबून धरलं की कॉइल जळते. तुमचा अंगठा चटकन उचलला जात नाही, म्हणून त्या नकोत.

म्हणाल तेव्हा येऊन बसवते. लोभ असू द्या, थोडाही चालेल.
धाकटी

दि. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

विचारलं रेल्वेचं, तू माझ्या अंगठ्याला नावं ठेवलीस. थोरल्याला फोन केला. तो म्हणाला बटणंच घ्या, दिसतातही झोकात. मी मागवलीत. तुझ्या भंगारातल्या मोटरी तुलाच लखलाभ. ती सवय तुझ्या आईचीच. रविवारी येऊन जोडून जा; पहिलं बटण मी नातवासमोरच दाबणार, तोवर हात लावायचा नाही. येताना डबा आण, माझ्याकडे दोघांचं होत नाही.

बाबा

दि. १२ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. थोरला, सूनबाई, नातू, सगळे टेबलाभोवती उभे. मी गाडी सोडली, बटण दाबलं आणि खालून धूर! घाईने दुसरं दाबलं, तिथेही तेच. गाडी कडेवरून थेट जमिनीवर. नातू खदखदून हसला. थोरल्याने मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, एखाद्या पोराला बसवावं तसं.

तुझ्या हाताला यश नाही, हे तू शाळेत होतीस तेव्हापासून सांगतोय. ते लोक फिरायला बाहेर पडले की ये, आणि परतायच्या आत दुरुस्त करून जा.

बाबा

दि. १८ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या जोडणीत चूक नव्हती. एक छोटीशी पेटी मिळते. बटणाच्या आधी जोडली की ती कॉइलला एकच धक्का देते आणि थांबते. मग अंगठा कितीही वेळ ठेवा, काही जळत नाही. त्या रविवारी ती पेटी माझ्या पिशवीत होती. तुम्हाला न सांगता बसवणार होते, म्हणजे तुम्हाला कमीपणा वाटला नसता.

मी टेबलाखाली उताणी पडले होते, दातांत स्क्रू धरून, तेव्हा थोरल्याचा फोन आला. तुम्ही त्याला सांगितलंत की वायरिंगला एक बाई लावलीय, स्वस्तात पडली. सांगताना माझ्याच डब्यातलं जेवत होतात.

मी राहिलेले स्क्रू घट्ट केले आणि पेटी परत आणली. धूर येणार हे ठाऊक होतं. कोणासमोर येणार, तेही. नंतर वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. अजून वाटलेलं नाही.

मी येणार नाही.
धाकटी

दि. २४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून थोरल्याने बाजारातून तसली पेटी आणली, नव्या कॉइल आणल्या, आणि सगळं स्वतः बसवलं. सांधे उत्तम चालतात. नातू जेवायलाही उठत नाही.

फोनवर बोललो ते तू नीट ऐकलंस. तू जोडतेयस असं कळलं असतं तर त्याने दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायला लावलं असतं. त्या खर्चापेक्षा बाई म्हटलेलं बरं.

घराची एक किल्ली तुझ्याकडे आहे. ती थोरल्याला द्यायचीय. टपालाने पाठव. द्यायला येऊ नकोस.

बाबा