चुकीच्या यादीतले माजी विद्यार्थी

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. माझ्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच त्यातून अंग काढून घेतलं आहे.) तुमचा खोकला कसा आहे? मामींच्या फोनवरून समजलं की तुम्ही औषध चुकवता, आणि तुमच्या फोनवरून समजलं की मामी फोनवर काहीही सांगतात. दोघांनाही आराम असावा असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. यांची पाठ दुखायची थांबली, आता मान दुखते. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून विषय मिटवता, आणि मला या वेळी तो मिटवून घ्यायचा नाही.

माझी बदली झाल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. सव्वीस वर्षं परीक्षा विभागात काढली, त्यातली पहिली नऊ तुमच्या हाताखाली (कार्यालयात ‘साहेब’ आणि घरी ‘मामा’ म्हणताना माझी जी तारांबळ व्हायची, ती आठवून मामी अजून हसतात), आणि आता मला ‘माजी विद्यार्थी व विकास विभाग’ दिला आहे. विभाग म्हणजे मी, एक संगणक, एक कपाट आणि जिन्याखालची खोली. खोलीचं दार उघडं असलं की कपाट उघडत नाही. काम असं की इथून शिकून मोठ्या झालेल्या माणसांना शोधायचं, त्यांच्याशी गोड बोलायचं आणि नव्या वाचनालयासाठी हळूच हात पुढे करायचा. तुमच्या विभागात आपण लोकांना परत पाठवायचो, इथे त्यांना बोलवायचं. पहिले आठ दिवस फोन उचलला की माझ्या तोंडून ‘अर्ज केलाय का?’ एवढंच निघायचं. पण कुलगुरूंनी सांगितलं होतं की हे वर्ष नीट सांभाळा, कुलसचिवांची जागा निघते आहे. मामा, खिडकीवर बसलेल्या कारकुनाला कुलसचिवांची खुर्ची दिसायला लागली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी दोन नव्या साड्या घेतल्या.

मग मेळावा ठरला. माजी विद्यार्थ्यांची यादी मला परीक्षा विभागाच्या संगणकातून घ्यायची होती. तिथे ‘अंतिम यादी’ आणि ‘अंतिम यादी नवीन’ अशा दोन याद्या होत्या. कुणाला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, पण सव्वीस वर्षं तिथे काढलेल्या बाईने विचारायचं म्हणजे कमीपणा. मी नवीन घेतली. तीनशे बारा पत्रं गेली, प्रत्येकाच्या नावानिशी. मजकूर माझाच होता आणि मला फार आवडला होता. ‘आपण विद्यापीठाचं भूषण आहात. आपल्या आजच्या यशात आमचाही खारीचा वाटा आहे, याचा आम्हांला अभिमान वाटतो.’ ती यादी होती निकाल राखून ठेवलेल्या, अर्ज अडकलेल्या आणि पदवी कधीच न मिळालेल्या लोकांची.

हे मला उत्तरं यायला लागल्यावर कळलं. एका बाईंनी लिहिलं होतं की तुमचा वाटा खारीचा नव्हता, चांगला मोठा होता, माझं ठरलेलं लग्न त्यातच मोडलं. पुढे जे झालं ते मात्र बरं झालं, म्हणून राग नाही. एका गृहस्थांनी स्वतःच्या सतरा अर्जांच्या प्रती पाठवल्या, तारीखवार लावून, आमच्या कार्यालयात कधी लागल्या नसतील इतक्या नीट. एकाने फोन करून शांतपणे सांगितलं, “मी तुमचा विद्यार्थी आहे हे तुम्ही पहिल्यांदाच लेखी कबूल केलंय. कागद जपून ठेवलाय.” मी कुलगुरूंना काहीच बोलले नाही. मनात म्हटलं, असे लोक येतात कशाला.

एकेचाळीस जण आले. सगळ्यांच्या हातात पिशव्या, फायली, जुनी गुणपत्रकं. कुलगुरूंना वाटलं देणग्यांचे कागद आहेत, आणि ते खुलले. भाषणात म्हणाले, “आज तुम्ही जे काही आहात ते या विद्यापीठामुळे आहात.” मग मागून आवाज आला, “तेच सांगायला आलोय, साहेब.” पुढचा दीड तास मी चहाच्या टेबलापाशी उभी राहून कागद गोळा करत होते. साहेब मागच्या दाराने कधी गेले ते मला दिसलं नाही, पण त्यांचा चहा तसाच होता.

सगळे गेल्यावर एक गृहस्थ राहिले. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं, बाजाराच्या मागच्या गल्लीत. इस्त्रीचा शर्ट, हातात काहीच नाही. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही तीन नंबरच्या खिडकीवर होतात ना?” मी हो म्हटलं. “बावीस वर्षं झाली. मी अकरा वेळा आलो होतो. एकदा उन्हातून आलो तेव्हा तुम्ही मला पाणी दिलंत. आणि मग म्हणालात, पुढच्या आठवड्यात या.” त्यात टोमणा नव्हता, मामा. त्यांना ते पाणी खरोखरच लक्षात राहिलं होतं. मला त्यांचा चेहराही आठवेना. ओरडणाऱ्या चाळिसांपुढे मी ताठ उभी होते, पण या माणसापुढे मला बसावं लागलं. मी विचारलं, मग आज कशाला आलात? ते म्हणाले, “तुमच्या पत्रात माझं नाव बरोबर लिहिलं होतं. आधी कधीच बरोबर नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी तळघरात जाऊन मी त्यांचा गठ्ठा काढला. (धुळीने मला चार दिवस शिंका आल्या. मामींचा काढा लागू पडला.) निकाल राखून ठेवला होता प्रात्यक्षिकाचे गुण आले नाहीत म्हणून. गुण आले होते. मुदतीनंतर चार दिवसांनी कॉलेजकडून आले होते, आणि त्यांवर शेरा होता, ‘उशिरा प्राप्त. दाखल करू नये.’ पंधरा दिवसांपर्यंतचा उशीर माफ करायची तरतूद नियमात तेव्हाही होती, फक्त कुणीतरी तो कागद वर मांडायला हवा होता. शेरा माझ्या अक्षरात होता. तो माणूस पहिल्या वर्गात पास झालेला होता, मामा. त्याला प्रयोगशाळेत शिकवायचं होतं. तो दुसऱ्याच्या दुकानात काचा घासायला लागला.

कुलगुरूंना सांगितलं तेव्हा ते वाईट वागले नाहीत. म्हणाले, “बाई, तुमची मुलाखत तोंडावर आलीय. बावीस वर्षं थांबलंय, अजून पंधरा दिवस थांबेल.” बोलणं व्यवहाराचं होतं. मी दोन दिवस घरात भांड्यांवर राग काढला. यांनी पहिल्या दिवशी कारण विचारलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच भांडी घासली. तिसऱ्या दिवशी मी टिपणी लिहायला बसले, आणि मला ती लिहिताच येईना. तुम्हीच शिकवलंत ना, टिपणीत कर्ता गाळायचा. ‘अर्ज प्रलंबित राहिला.’ ‘अनवधानाने नोंद झाली.’ ‘विलंब झाल्याचे दिसून येते.’ आपल्या फायलींमध्ये इतक्या वर्षांत कुणी काही केलंच नाही, सगळं आपोआप घडत गेलं. मी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, ‘हा शेरा मी लिहिला. नियम मला माहीत होता. मी कागद वर मांडला नाही.’ तीन वाक्यांना सकाळ गेली.

पुढचं थोडक्यात. कुलसचिवपदी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका गृहस्थांची निवड झाली. माणूस बरा वाटतो, दाराशी आलो की आधी आत बोलावतो. चष्मेवाल्यांची पदवी मंजूर झाली. ती घ्यायला ते आले, उजेडाकडे धरून बारकाईने बघितली आणि म्हणाले, “नाव चुकलंय.” माझ्या जिभेवर आलं होतं, मामा, पुढच्या आठवड्यात या. ते गिळलं, छपाईच्या यंत्राशी स्वतः जाऊन उभी राहिले, आणि तासाभरात दुसरी आणून दिली. त्यांनी ती गुंडाळली. दुकानात लावणार का विचारलं, तर म्हणाले, “नको. गिऱ्हाइकं विचारतील, एवढ्या उशिरा कशी? घरी ठेवीन.” मग म्हणाले, “तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय. येऊन जा.” अजून गेले नाही. जाईन.

इकडची काळजी नसावी. मामींना माझा नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं तर पुढची पानं काढून घ्या.

तुमची भाची

ता. क. त्या शेऱ्याखाली दोन सह्या आहेत. पहिली माझी, दुसरी विभागाचे अधीक्षक म्हणून तुमची. तुम्ही न वाचता केली असणार. त्या दिवशी तुमच्यापुढे दोनशे कागद होते. राहिलेल्या चाळीस जणांसाठी समिती नेमली आहे आणि तिला तुमचा जबाब हवा आहे. तुमच्या पेन्शनला धक्का लागत नाही, मी नियम दोनदा वाचला. सोबत कोरा कागद आणि पत्ता घातलेलं पाकीट आहे. मजकूर मी लिहून पाठवला नाही, तुम्ही लिहा. त्या चाळिसांतल्या एकोणीस गठ्ठ्यांवर तुमची सही आहे, आणि कुठल्या वेळी काय झालं हे तुमच्याशिवाय कुणाला आठवणार नाही. जमलं तर महिनाभर इकडेच या. पाठीमागची खोली रिकामी केली आहे.

आणखी एक. तुम्हाला वाटेल, ही पोरगी मोठी झाली आणि मला शिकवायला लागली. टिपणी मी मुलाखतीच्या आधी लिहिली हे खरं आहे. पण ती नऊ दिवस माझ्या खणात होती. मुलाखतीत मला विचारलं, आजवरच्या कामात काही चूक झाली का, आणि मी म्हटलं, सुदैवाने नाही. कुलसचिव म्हणून त्या गृहस्थांचं नाव जाहीर झालं, त्या दुपारी मी टिपणी वर पाठवली. हे यांनाही माहीत नाही. तुम्ही याल तेव्हा यांच्यासमोर विषय काढू नका, मीच सांगेन.