माथ्यावरची हाक

प्रिय निधी,

परवा बोलता बोलता फोन ठेवून दिला, रागावू नकोस. तू सहज सांगितलंस की पुढच्या महिन्यात तू आणि ओजस, दोघं भावंडं, अमेरिकेत युटाला जाऊन बाबांचा डोंगर चढणार, आणि माझी बोबडीच वळली. मनातलं मला जर्मनमध्ये सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबांनी तुला दर शनिवारी कान धरून शिकवलेली बाराखडी आज कामाला येऊ दे.

इथे लुडविग्सहाफेनमध्ये सगळं ठीक. वरची फ्राऊ केलर जिना पुसायची तिची पाळीही माझ्यावर ढकलते, आणि मी चक्क भांडत नाही. जिन्यात आवाज घुमतो ना, तिथे मी हल्ली तोंडच उघडत नाही.

युटातल्या त्या दिवशीचं तुला मी अर्धंच सांगितलंय. वाळवंटातल्या त्या दरीत सगळंच लाल, आणि डोंगर म्हणजे वाळूच दगड होऊन बसलेली. खिंडीपाशी माझा गुडघा कुरकुरायला लागला. बाबा म्हणाले, तू बस, मी माथा गाठून येतो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. असा दगड आतून ओला राहतो आणि हाताखाली तुटतो, हे आम्हाला कुठे ठाऊक? बराच वेळ झाला तशी मी वर बघून ओरडले, "अहो!" वरून लगेच उत्तर आलं, "अहो!" मला हसूच आलं. माझी नक्कल करायची खोडच होती त्यांना. मी निवांत संत्रं सोलून खाल्लं, त्यांच्यासाठी अर्धं ठेवलं.

मग दोन अमेरिकन पोरं उतरून आली. तुमची आरोळी झकास होती, आम्हीच उत्तर दिलं, असं हसत म्हणाली. माथ्यावर त्यांच्याशिवाय कोणीच नव्हतं. बाबा सापडले ते दुसऱ्या दिवशी, कड्याच्या पायथ्याशी.

माझी चूक नव्हती हे सगळ्यांनी समजावलं, मला पटतंही. पण तो आवाज जात नाही गं. फोडणी टाकताना येतो, जिन्यात येतो, आणि दर वेळी क्षणभर मला अगदी हायसं वाटतं. त्याचीच मला भीती वाटते.

तेव्हा जा. मी अडवत नाही. दगड पुरता सुकल्याशिवाय मात्र पाऊल टाकू नका. आणि माझं एक काम कर. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. सही करताना लिहिते, पण तोंडातून निघत नाही. काल जिन्यात करून पाहिलं, 'प'वरच अडकले. तू वर पोचलीस की माझ्या वतीने एकदा मोठ्याने "पद्माकर" अशी हाक मार. आणि माथ्यावर दुसरं कोणी असलं तर त्यांना आधीच सांगून ठेव, कृपा करून उत्तर देऊ नका.

तुझीच,
आई